प्रसूतिगृहाच्या दाराशी अडलेला विश्वास

रात्रीचे दोन वाजलेले असतात. प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकड्यावर आई, सासू, नवरा आणि एखादा दीर ताटकळत बसलेले असतात. दार उघडते, परिचारिका कागद पुढे करते आणि म्हणते, ‘‘बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावे लागेल. इथे सही करा.’’ त्या क्षणी बाकड्यावरच्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: हे खरे बोलत आहेत का? पाटणा, हैदराबाद, कोलकाता किंवा पुणे, भाषा बदलेल, प्रश्न बदलणार नाही. कोणी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतो, कोणी ‘आणखी थोडा वेळ वाट पाहू’ असे सुचवतो. बहुतेक जण मुकाट्याने सही करतात आणि संशय मात्र पुढे कित्येक वर्षे घरात वावरत राहतो. आत टेबलावर जी स्त्री कळा सोसत असते, तिला या साऱ्यात कोणी काही विचारलेले नसते.

हा संशय अडाणीपणातून आलेला आहे, असे म्हणून डॉक्टरांनी तो झटकून टाकू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांनी त्याला पुरेसे बळ दिले आहे. २००५-०६ मध्ये देशातील ८.५ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने होत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. त्यातही सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आहे. पश्चिम बंगालमधील खासगी रुग्णालयांत दर शंभरांमागे ८२ हून अधिक, तेलंगणातील खासगी रुग्णालयांत ८१ हून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. एकाच राज्यातील, एकाच शहरातील स्त्रियांची शरीरे रुग्णालयाची पाटी बदलताच इतकी बदलत नाहीत.

खासगी रुग्णालयांत मुळातच गुंतागुंतीची प्रकरणे जास्त येतात, असा बचाव केला जातो. तो काही अंशी खराही असेल. पण अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अंब्रिश डोंगरे आणि मितुल सुराणा यांनी २०१८ मध्ये राष्ट्रीय पाहणीच्याच माहितीवरून काढलेला निष्कर्ष या बचावाला सहज गुंडाळता येत नाही. आधीपासून न ठरवलेले सिझर होण्याची शक्यता खासगी रुग्णालयात सरकारीपेक्षा १३.५ ते १४ टक्केबिंदूंनी अधिक असते, असे त्यांना आढळले. ‘आधीपासून न ठरवलेले’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. तारीख-वार पाहून, मुहूर्त काढून ठरवलेल्या शस्त्रक्रियांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तेलंगणात तर सरकारलाच मुहूर्ताच्या वेडाविरुद्ध आवाहन करावे लागले. मात्र खरा पेच त्या शस्त्रक्रियांचा नाही. मुहूर्त मागणारे कुटुंब निदान आपण काय मागतो आहोत हे जाणत असते. कळा सुरू झाल्यानंतर, काही मिनिटांत, तपासून पाहण्याचे कोणतेही साधन हाती नसताना जो सल्ला ऐकावा लागतो, तेथे विश्वासाची खरी कसोटी लागते.

आता दुसरी बाजू. बिहारमध्ये एकूण प्रमाण ९.७ टक्के आहे आणि तेथील सरकारी रुग्णालयांत ते अवघे ३.६ टक्के आहे. ३.६ हा आकडा वाचून ज्यांना बरे वाटेल, त्यांनी तो पुन्हा वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी भूमिका मांडली, तिच्यानुसार लोकसंख्येच्या पातळीवर सिझरचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढते तसे माता आणि नवजात बालकांचे मृत्यू घटत जातात. त्यापुढे ही घट दिसत नाही. म्हणजे ज्या सरकारी व्यवस्थेत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, तेथे शस्त्रक्रियेची खरी गरज असलेल्या अनेक स्त्रिया एक तर खासगी दाराशी जातात, किंवा वाटेतच राहतात. ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जितके स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत, त्यांच्या तुलनेत २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार जवळपास तीन-चतुर्थांश कमी होते. भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही शस्त्रक्रिया होत नाही; रक्त साठवण्याची सोय नसेल तर दोघे असूनही ती धोक्याची ठरते. ही अडचण ओळखूनच एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आखली गेली. जननी सुरक्षा योजनेने २००५ पासून स्त्रियांना रुग्णालयात आणले, २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील सिझर मोफत केले आणि रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्क्यांवर गेले. हे यश मोठे आहे. पण स्त्री रुग्णालयात पोहोचली म्हणजे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली असे होत नाही.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१६ च्या मातृआरोग्यविषयक लेखमालेत जगाचे जे दुखणे मांडले होते, ते थोडक्यात असे: कुठे फार थोडे आणि फार उशिरा, तर कुठे फार जास्त आणि फार लवकर. भारतात ही दोन्ही दुखणी एकाच देशात, बरेचदा एकाच जिल्ह्यात, एकमेकांच्या शेजारी नांदतात. आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे. गरज नसताना झालेल्या शस्त्रक्रियेची गोष्ट गावात पोहोचते आणि पुढच्या वेळी, खरोखरच बाळाचा जीव धोक्यात असताना, कोणी तरी सही करायला अर्धा तास घेतो.

तो अर्धा तास किती महाग असतो, हे समजण्यासाठी ‘तातडीचे सिझर’ या शब्दप्रयोगाकडे जरा बारकाईने पाहायला हवे. आपल्याकडे कळा सुरू झाल्यानंतर ठरलेल्या जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेला ‘इमर्जन्सी’ म्हणण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये सिझरचे तातडीनुसार चार वर्ग केले जातात. पहिला वर्ग म्हणजे आई किंवा बाळाच्या जिवाला तत्काळ धोका; तेथे निर्णयापासून जन्मापर्यंत तीस मिनिटांची कालमर्यादा धरली जाते. नाळ बाळाच्या आधी खाली सरकणे, वार सुटून आत रक्तस्राव होणे, आधीच्या सिझरचा व्रण फाटणे, बाळाचे ठोके एकदम उतरून वर न येणे, ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या वर्गात त्रास सुरू झालेला असतो, पण जीव लगेच जाण्याची भीती नसते. तेथे पंचाहत्तर मिनिटे. तिसऱ्या वर्गात कोणालाच अपाय झालेला नसतो, फक्त प्रसूती लवकर व्हायला हवी असते. चौथा वर्ग सोयीने ठरवलेल्या शस्त्रक्रियांचा.

आपल्या प्रसूतिगृहांत घेतल्या जाणाऱ्या कारणांपैकी ‘प्रसूती पुढे सरकत नाही’ हे एक नेहमीचे कारण. ते पुष्कळदा खरे असते. अडलेल्या प्रसूतीने या देशात असंख्य स्त्रियांचे बळी घेतले आहेत. पण गर्भाशयाचे मुख दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा नियम अमेरिकेतील इमॅन्युएल फ्रीडमन यांच्या १९५० च्या दशकातील निरीक्षणांवरून रूढ झाला आणि दोन पिढ्या डॉक्टर त्यावर शिकले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की हा वेग अनेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव आहे आणि केवळ तेवढ्या कारणाने हस्तक्षेप करू नये. गळ्याभोवती नाळेचा वेढा हे दुसरे कारण. साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाला असा वेढा असतो आणि त्यातील बहुतेक सुखरूप जन्मतात. केवळ वेढा आहे म्हणून पोट कापावे लागत नाही. ‘बाळाने आत शी केली’ या वाक्याने तर घरातले सगळेच हादरतात. ते सावध होण्याचे लक्षण जरूर आहे, ठोक्यांवर बारीक नजर ठेवण्याचे कारण आहे. पण तेवढ्यावरूनच प्रत्येक वेळी धावपळ करावी लागते असे नाही.

ठोक्यांचा प्रश्न अधिक नाजूक. पोटाला पट्टा बांधून सतत आलेख काढणारे यंत्र आता तालुक्याच्या नर्सिंग होममध्येही असते. सतत यंत्रावर नोंद घेणे आणि ठरावीक अंतराने कानाने ठोके ऐकणे यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की, यंत्रामुळे नवजात बालकांना येणारे झटके निम्म्याने घटतात. मृत्यूंत किंवा सेरेब्रल पाल्सीत मात्र फरक आढळत नाही, आणि सिझरचे प्रमाण वाढते. म्हणजे आलेख संशयास्पद दिसतो तेव्हा डॉक्टर खोटे बोलत असतो असे मुळीच नाही. यंत्रच इतक्या वेळा घाबरवते की प्रामाणिक डॉक्टरलाही थांबणे अवघड जाते. प्रत्येक सिझरमागे पैसा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. प्रसूतीच्या वेळी दिला जाणारा सल्ला दोन प्रकारचा असतो. एकात वेळ मिनिटांत मोजली जाते, दुसऱ्यात तासांत. जेथे मिनिटांचा प्रश्न आहे, तेथे बाहेरच्या माणसाने डॉक्टरचे ऐकावे. नातेवाइकांना फोन करण्याची ती वेळ नव्हे. जेथे तासांचा प्रश्न आहे, तेथे डॉक्टरने त्या स्त्रीला पर्याय सांगावेत, थांबल्यास काय होईल आणि न थांबल्यास काय, हे समजावावे, आणि तिला विचार करू द्यावा. दुखणे येथे आहे की आपल्याकडे तासांच्या सल्ल्यासाठीही मिनिटांची भाषा वापरली जाते. ‘आत्ता सही केली नाही तर बाळाची जबाबदारी आमची नाही’ हे वाक्य ज्या ज्या वेळी गरज नसताना उच्चारले जाते, त्या त्या वेळी ते दुसऱ्या कुणा डॉक्टरच्या, दुसऱ्या कुणा स्त्रीच्या खऱ्या संकटातील वेळ खर्च करत असते.

ही भाषा डॉक्टर का वापरतात? पैसा हे उत्तर सोपे आहे, अपुरेही आहे. एका डॉक्टरवर चालणाऱ्या छोट्या नर्सिंग होमचा विचार करा. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवायचा असतो. तो रात्री आठला मिळतो, पहाटे तीनला मिळेलच याची खात्री नसते. रक्तपेढी दूर असते. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ चौदा-चौदा तास बसेल अशी प्रशिक्षित सुईण नसते. अशा ठिकाणी संध्याकाळी शस्त्रक्रिया उरकून घेणे हा त्या डॉक्टरच्या दृष्टीने सावधपणा असतो. शिवाय मनात भीती असते. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील दौसा जिल्ह्यात लालसोट येथे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री दगावली. उपचार करणाऱ्या डॉक्टर महिलेवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्यानंतर तिने स्वतःचे जीवन संपवले. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या फौजदारी तक्रारीत स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच जेकब मॅथ्यू खटल्यात बजावले होते. पोलीस ठाण्यांपर्यंत ते पोहोचलेले दिसत नाही. वाट पाहून काही बिघडले तर डॉक्टरवर जमाव चालून येतो, घाईने पोट कापले तर कोणी जाब विचारत नाही. असे असताना डॉक्टर कोणता मार्ग निवडेल हे सांगायला नको.

सहीच्या कागदाचे काय? तो कागद आपण इतका गृहीत धरला आहे की त्याच्या मुळाशी काय आहे हेच विसरलो आहोत. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात एका सज्ञान स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ही संमती अवैध ठरवली. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य आहे, तर दुसऱ्या कोणाला तिच्या वतीने होकार देता येत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तरच याला अपवाद, असे न्यायालयाने म्हटले. आता दाराबाहेरचे ते बाकडे पुन्हा आठवा. कळा देणारी स्त्री सज्ञान असते, शुद्धीवर असते, बोलू शकते. तरीही कागद नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे जातो. कायद्याने जिची संमती हवी तिला सोडून, ज्यांच्या संमतीला कायद्यात फारसे मोल नाही त्यांच्याशी रुग्णालय वाटाघाट करत असते. कारण उघड आहे: बिल नवरा भरणार असतो आणि भांडायलाही तोच येणार असतो. मग बाहेरच्या संशयाचे सावट आतल्या स्त्रीवर पडते. तिला स्वतःला डॉक्टरवर भरवसा असला तरी तिच्या वतीने दुसरेच कोणी घासाघीस करत राहतात. आणि तिलाच शंका असेल, तर ती विचारण्याची सोय नसते.

अविश्वास टोकाला गेला की काय होते, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे यूट्यूबवरील चित्रफिती पाहून घरीच प्रसूती करण्याच्या प्रयत्नात एक तरुण शिक्षित स्त्री मरण पावली. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात घरीच झालेल्या पाचव्या प्रसूतीनंतर आणखी एक स्त्री गेली. तमिळनाडू आणि केरळ ही देशातील सर्वोत्तम सार्वजनिक आरोग्यसेवा असलेली राज्ये. तेथे रस्ता नव्हता, रुग्णवाहिका नव्हती, असे म्हणता येणार नाही.

उपाय म्हणून सरकारने प्रथम हात घातला तो टक्केवारीला. मुंबईतील एका महिलेने सुरू केलेल्या स्वाक्षरी मोहिमेनंतर २०१७ मध्ये केंद्र सरकारी आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना आपल्याकडील सिझर आणि नैसर्गिक प्रसूतींचे प्रमाण दर्शनी भागात लावण्यास सांगण्यात आले. पारदर्शकतेची ही सुरुवात चांगली होती, पण नुसती टक्केवारी फार थोडे सांगते. जिल्ह्यातील सर्व अडलेली प्रकरणे ज्या मोठ्या रुग्णालयाकडे पाठवली जातात, तेथील टक्का वाढणारच. आणि टक्का कमी दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अवघड बाईला ‘पुढे घेऊन जा’ असे सांगणे. यापेक्षा वाईटही घडू शकते. इंग्लंडमधील श्रूस्बरी आणि टेलफर्ड येथील रुग्णालये सिझरचे प्रमाण कमी असल्याबद्दल वाखाणली जात. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑकेंडन अहवालाने दाखवून दिले की तेथे चांगली काळजी मिळाली असती तर दोनशेहून अधिक बालके कदाचित वाचली असती; वेळेवर सिझर न करणे हे त्या कहाणीतील एक सूत्र होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्यसेवेने सिझरच्या एकूण टक्केवारीवरून रुग्णालयांची कामगिरी मोजणे बंद केले. तेलंगणासारखी राज्ये आपल्या सरकारी डॉक्टरांवर नैसर्गिक प्रसूतींसाठी दबाव आणत असतील, तर त्यांनी हा अहवाल जरूर वाचावा.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली रॉबसन वर्गवारी अधिक उपयोगी आहे. ती स्त्रियांचे दहा गट पाडते: पहिलटकरीण की आधी बाळंत झालेली, आधी सिझर झाले होते की नाही, बाळ पायाळू आहे का, जुळे आहे का, दिवस भरलेत का, कळा आपोआप सुरू झाल्या की औषधाने. दिवस भरलेल्या, बाळ सरळ असलेल्या, आपोआप कळा आलेल्या पहिलटकरणींमध्ये एखाद्या रुग्णालयात निम्म्या स्त्रियांचे सिझर होत असेल, तर गुंतागुंतीच्या प्रकरणांचा बचाव तेथे चालत नाही. ही माहिती गोळा करायला नवे यंत्र लागत नाही, प्रत्येक प्रसूतीमागे पाच-सहा नोंदी पुरतात. खासगी रुग्णालयांना नोंदणीच्या वेळी ही अट घालणे राज्यांच्या हाती आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती इच्छा.

बाकीची साधनेही आपल्याकडे आधीच कागदावर आहेत. प्रसूतीच्या वेळी सोबत एक विश्वासाची स्त्री असू द्यावी, असे केंद्राने सरकारी रुग्णालयांना २०१६ मध्ये कळवले. ‘लक्ष्य’ हा प्रसूतिगृहांच्या गुणवत्तेचा कार्यक्रम २०१७ च्या डिसेंबरात आला. २०१८ मध्ये अठरा महिने प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिक सुईणींचे संवर्ग उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे आली. तेलंगणाने त्याआधीच अशा परिचारिका तयार करायला सुरुवात केली होती. मला या तिन्हींत सुईणींचे काम सर्वांत मोलाचे वाटते. गरोदरपणात जिची ओळख झाली, जी रात्रभर शेजारी बसली, ठोके ऐकत राहिली, प्रसूती कशी पुढे सरकते आहे याचा आलेख भरत राहिली, तीच पहाटे म्हणाली की ‘आता थांबणे बरोबर नाही’, तर त्या शब्दावर कोणाचाही विश्वास बसेल. तिला सिझरचे पैसे मिळत नाहीत, हे त्यातले एक कारण. शेजारी सोबतीण असेल तर तिनेही ते ठोके ऐकलेले असतात आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन ती घरच्या भाषेत सांगू शकते.

एक अगदी साधी गोष्ट मात्र कोणत्याच योजनेत नीट आलेली नाही. सिझर झालेल्या स्त्रीला घरी पाठवताना जो कागद दिला जातो, त्यावर कारणाच्या जागी बहुधा ‘फीटल डिस्ट्रेस’ किंवा ‘नॉन-प्रोग्रेस’ एवढेच इंग्रजी शब्द असतात. ठोके किती होते, किती वेळ, मुख किती उघडले होते, निर्णय किती वाजता झाला आणि बाळ किती वाजता जन्मले, यातले काही नसते. दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा गरोदर राहते. आधी एक सिझर झालेल्या स्त्रीने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. उलट प्रत्येक वाढत्या सिझरगणिक वार जुन्या व्रणात खोलवर रुतून बसण्याचा आणि जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका चढत जातो. यातला कोणता मार्ग घ्यावा, हे पहिले सिझर नेमके कशासाठी झाले यावर बरेच अवलंबून असते. नवी डॉक्टर तो कागद उलटसुलट करून पाहते, ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ असे त्या स्त्रीलाच विचारते. आणि ती म्हणते, ‘‘काय माहीत. सही ह्यांनी केली होती.’’